परक्या मुलखातील डोंगरवाटा : वाचकांचे प्रश्न

घरापासून फार दूर राहणाऱ्या आणि सुट्टीच्या दिवशी डोंगरात रमणाऱ्या वाचकांची बरीच पत्रे या वेळी आमच्याकडे आली. त्यांतील सहा पत्रे येथे घेतली असून, पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील वगळला आहे. काही पत्रे लांब होती. त्यांचा आशय तेवढा ठेवला आहे.

प्रश्न : नोकरीच्या निमित्ताने मी दीड वर्षापूर्वी एका दूरच्या देशात आले. येथे ओळखीचे कोणी नव्हते, परंतु शहरापासून तासाभराच्या अंतरावर डोंगर आहेत आणि जवळजवळ प्रत्येक सुट्टीला मी तेथे एकटीच जाते. वर पोहोचल्यावर होणारा आनंद मला इतरत्र कोठेही मिळालेला नाही. मात्र नेमके त्याच वेळी हे कोणाला तरी दाखवावे असे फार वाटते आणि शेजारी कोणी नसते. रविवारी संध्याकाळी खोलीचे कुलूप उघडताना मन अगदी खचून जाते. घरच्यांना छायाचित्रे पाठवते, उत्तरादाखल दोन-चार चिन्हे येतात आणि विषय संपतो. ही भटकंती माझे एकटेपण कमी करते आहे की नुसते झाकते आहे?

उत्तर : तुमच्या पत्रातील आनंद आणि तुमच्या पत्रातील दुःख ही दोन्ही खरी आहेत, आणि एक खरे असल्यामुळे दुसरे खोटे ठरत नाही, हे आधी सांगावेसे वाटते. अनेकांना असे वाटते की आपण डोंगरावर इतके सुखात असतो, तर मग खोलीत रडू येण्याचे काही कारण नाही; किंवा खोलीत रडू येते, त्या अर्थी डोंगरावरचे सुख म्हणजे केवळ पळवाट आहे. दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइस यांनी १९७३ मध्ये एकटेपणाचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले. जिच्याजवळ मन मोकळे करता येईल अशी एखादी अगदी जवळची व्यक्ती नसणे हा पहिला प्रकार. ज्यांच्यात आपली उठबस आहे, ज्यांच्या बेतांमध्ये आपल्याला गृहीत धरले जाते असा गोतावळा नसणे हा दुसरा. वाइस यांचे म्हणणे असे की एका प्रकारची उणीव दुसऱ्या प्रकारच्या सोबतीने भरून निघत नाही. तुमच्या बाबतीत पहिली उणीव काही प्रमाणात दूरध्वनीवरून भागत असावी, कारण घरी तुमची माणसे आहेत आणि ती तुमच्यावर प्रेम करतात. दुसरी उणीव मात्र दूरध्वनीवरून भागणे अवघड आहे. तुम्ही ज्या गावात राहता, त्या गावात तुमची वाट पाहणारे कोणी नाही, आणि रविवारी संध्याकाळी कुलूप उघडताना जे जाणवते ते बहुधा हेच आहे.

आता डोंगर काय करतो ते पाहू. स्टॅनफर्ड विद्यापीठातील ग्रेगरी ब्रॅटमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात काही जणांना निसर्गरम्य परिसरात ९० मिनिटे चालायला लावले, तर काहींना तितकाच वेळ वर्दळीच्या रस्त्याच्या कडेने. निसर्गात चालून आलेल्यांच्या मनात स्वतःविषयीचे तेच ते नकारार्थी विचार घोळत राहण्याचे प्रमाण कमी झालेले आढळले. रस्त्याकडेने चाललेल्यांमध्ये तसा फरक दिसला नाही. म्हणजे तुमच्या मनातील कुढणे डोंगर खरोखरच कमी करतो. ‘झाकणे’ हा शब्द त्यासाठी मी वापरणार नाही. परंतु कुढणे थांबले म्हणून ओळखी वाढत नाहीत, आणि हे काम डोंगराकडून आपोआप होईल अशी अपेक्षा ठेवली की रविवारची संध्याकाळ अधिकच जड जाते.

ओळखी वाढायला किती वेळ लागतो, याचाही अंदाज आपल्याजवळ आहे. कॅन्सस विद्यापीठातील जेफ्री हॉल यांनी नुकतेच नव्या गावी राहायला गेलेल्या प्रौढांचा आणि विद्यार्थ्यांचा अभ्यास केला आणि २०१८ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. नुसत्या ओळखीचे रूपांतर साध्या मैत्रीत होण्यासाठी एकत्र घालवलेले सुमारे ५० तास लागतात, चांगल्या मैत्रीसाठी सुमारे ९०, आणि जिवाभावाच्या मैत्रीसाठी २०० पेक्षा जास्त. त्यातही कामाच्या ठिकाणी नाइलाजाने एकत्र काढलेले तास फारसे उपयोगी पडत नाहीत, असे त्यांना दिसले. दीड वर्ष कार्यालयात सगळ्यांशी नीट वागूनही आपल्याला कोणी नाही, याची अनेकांना लाज वाटते. त्यांनी हा निष्कर्ष जरूर लक्षात घ्यावा.

या आकड्यांचा तुम्हाला एक मोठा फायदा आहे. शहरातील मैत्री तासा-दीड तासाच्या भेटींवर वाढते, तर डोंगरातील एक दिवस म्हणजे सहा-सात तासांचा सहवास असतो. त्याच त्या माणसांबरोबर सात-आठ वेळा गेलात की पहिले ५० तास पूर्ण होतात. यातील ‘त्याच त्या’ या शब्दांवर माझा सगळा भर आहे. दर आठवड्याला नव्या लोकांच्या गटात सामील होणारी माणसे वर्षअखेरीस शेकडो चेहरे ओळखतात, आणि आजारी पडल्यावर बोलवावे असे त्यांच्याजवळ कोणीही नसते. म्हणून महिन्यातील दोन रविवार एकाच लहान गटासाठी राखून ठेवा आणि सुरुवातीच्या दोन-तीन फेऱ्या कंटाळवाण्या वाटल्या तरी सोडू नका. उरलेले रविवार तुमचे एकटीचे राहू द्या. एकटीने चालण्यातील जे सुख आहे, म्हणजे आपल्या गतीने चालणे, हवे तेथे थांबणे, कोणाच्याही नजरेखाली नसणे, ते सोडण्याचा सल्ला मी तुम्हाला कधीही देणार नाही.

एकटीच्या त्या रविवारांबद्दलही एक सुचवते. दर वेळी नवे शिखर गाठण्याऐवजी एखादा डोंगर आपला म्हणून निवडावा आणि वर्षाच्या सगळ्या ऋतूंत त्याच वाटेने पुन्हा पुन्हा जावे. कोणत्या वळणावर पाणी कधी आटते, कोणत्या झाडाची पालवी आधी फुटते, धारेवर वारा कोणत्या वेळी उठतो, हे पावलांना ठाऊक झाले की परक्या मुलखाशी आपले नाते जुळू लागते. कागदपत्रे आणि नोकरी यांच्यामुळे आपण एखाद्या ठिकाणी राहतो. ते ठिकाण आपले वाटण्यासाठी तेथील जमीन चालून पाहावी लागते, असे मला मनापासून वाटते. शिवाय एकाच वाटेवर नियमाने जाणारे इतरही असतात, आणि त्यांच्याशी होणारी मानेची ओळख पुढे बोलण्यापर्यंत जाते.

छायाचित्रांबाबत तुमचे निरीक्षण अगदी अचूक आहे. दहा जणांना एकदम पाठवलेले छायाचित्र कोणालाच उद्देशून नसते, त्यामुळे त्याला उत्तरही तसेच येते. त्याऐवजी एकाच व्यक्तीला चार ओळी लिहा: आज काय दिसले, कोठे भीती वाटली, कोठे थांबावेसे वाटले. उत्तर नक्की वेगळे येईल.

रविवारच्या संध्याकाळी शरीर दमलेले असते, बऱ्याचदा पाणी कमी प्यायलेले असते, पोट रिकामे असते, आणि अशा शरीरात मन लवकर ढासळते. म्हणून आधी स्नान, जेवण आणि विश्रांती, त्यानंतर विचार. परत जावे का, नोकरी सोडावी का, हे प्रश्न रविवारी रात्री सोडवू नयेत, ते मंगळवारी सकाळी पाहावेत. मात्र दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप किंवा भूक बिघडलेली राहिली, कशातच रस वाटेनासा झाला, किंवा पूर्वी ज्या माथ्यावर मन उचंबळून येत असे तेथेही काहीच वाटेनासे झाले, तर त्याला एकटेपण समजून सोसत बसू नका. डॉक्टरांना भेटा. जगणे नकोसे वाटण्याचे विचार मनात आले तर दोन आठवडे थांबण्याचाही प्रश्न नाही; त्याच दिवशी मदत मागावी.

प्रश्न : मला एकट्यानेच डोंगरात जायला आवडते. माझे कुटुंब हजारो किलोमीटर दूर आहे. जातो आहे असे कळवले की तेथे सगळ्यांची झोप उडते, म्हणून अलीकडे मी कोणालाच सांगत नाही. माझा अनुभव बऱ्यापैकी आहे आणि सामानही चांगले आहे. यात काही चूक आहे का?

उत्तर : एकट्याने जाण्यात चूक नाही. कोणालाही न सांगता जाण्यात मात्र गंभीर धोका आहे, आणि हे मला जितक्या स्पष्टपणे सांगता येईल तितक्या स्पष्टपणे सांगायचे आहे.

अ‍ॅरन रॉल्स्टन हे अमेरिकेतील कसलेले गिर्यारोहक एप्रिल २००३ मध्ये युटा राज्यातील एका अरुंद घळीत एकटे उतरले असताना एक मोठी शिळा सरकली आणि तिच्याखाली त्यांचा उजवा हात अडकला. आपण कोठे जातो आहोत हे त्यांनी कोणालाही सांगितलेले नव्हते. पाच दिवसांनंतर स्वतःचा हात कोपराखाली कापून त्यांना बाहेर यावे लागले. अनुभव आणि साहित्य या दोन्ही गोष्टी त्यांच्याकडे होत्या. ते कोठे आहेत हे जाणणारा माणूस तेवढा नव्हता.

घरच्यांना काळजी वाटते हे खरे आहे, परंतु केवळ त्यांना सांगूनही तुमची सुरक्षितता फारशी वाढत नाही. दुसऱ्या कालविभागात झोपलेल्या माणसाला तुम्ही उशिरा परतलात हे कळणार कधी, आणि कळल्यावर तेथील कोणत्या बचाव पथकाला तो फोन लावणार? म्हणून तुम्ही जेथे राहता तेथीलच एक माणूस शोधा. घरमालक, शेजारी, सहकारी, कोणीही चालेल. निघण्यापूर्वी त्याच्याकडे एक लेखी टिपण द्या. वाट कोठून सुरू करणार, कोणत्या बाजूने चढणार आणि कोणत्या बाजूने उतरणार, हवा बिघडली तर कोणती पर्यायी वाट धरणार, किती वाजेपर्यंत परतणार, आणि मुख्य म्हणजे किती वाजेपर्यंत तुमचा निरोप आला नाही तर कोणत्या क्रमांकावर कळवायचे, एवढे त्यात असावे. तो शेवटचा मुद्दा लोक नेहमी विसरतात आणि मग टिपण हातात असूनही सांगितलेला माणूस ‘येईल थोड्या वेळाने’ म्हणत रात्र घालवतो. परत आल्यावर ‘पोहोचलो’ हा निरोप देणे हे तुमच्याकडून पाळले गेलेच पाहिजे, कारण तो एकदा चुकला की पुढच्या वेळी त्या माणसाने किती गंभीर व्हावे हे त्याला कळत नाही.

परतण्याची वेळ अंदाजाने लिहू नका. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला साधा हिशोब आजही वापरला जातो: सपाटीवरील प्रत्येक ५ किलोमीटरला एक तास, आणि चढाईच्या प्रत्येक ६०० मीटरला आणखी एक तास. १२ किलोमीटरची वाट असेल आणि तीत ९०० मीटर चढ असेल, तर चार तासांना थोडाच वेळ कमी लागतो. यात विश्रांती, जेवण, वाट चुकणे, बर्फ किंवा चिखल यांपैकी काहीही धरलेले नाही, म्हणून एकट्याने जाताना त्यात निदान तिसरा हिस्सा वाढवावा असे माझे मत आहे. त्यावरूनच मागे फिरण्याची वेळ ठरवावी आणि माथा समोर दिसत असला तरी ती पाळावी. सोबती असला की तो ‘आता पुरे’ म्हणतो. एकट्याला ते घरून निघतानाच स्वतःला सांगून ठेवावे लागते.

सामान चांगले आहे असे तुम्ही लिहिता, म्हणून त्याविषयी थोडक्यात लिहिते. दर १,००० मीटर उंचीला हवेचे तापमान सरासरी ६.५ अंश सेल्सिअसने उतरते, तेव्हा पायथ्याच्या हवेवरून कपडे ठरवू नयेत. थंडीत भ्रमणध्वनीची बॅटरी लवकर उतरते, त्यामुळे फोन अंगाजवळच्या खिशात ठेवावा. बोलणे होत नसेल अशा ठिकाणाहूनही कधीकधी लघुसंदेश जातो. युरोपीय देशांत आणि इतर अनेक देशांत ११२ हा आपत्कालीन क्रमांक चालतो, पण तुमच्या भागातील डोंगरी बचाव पथकाचा वेगळा क्रमांक आहे का ते आधीच पाहून ठेवा. फोन बंद पडला तर शिट्टी किंवा विजेरी कामाला येते. एका मिनिटात समान अंतराने सहा वेळा खूण करायची, एक मिनिट थांबायचे आणि पुन्हा तेच करायचे, ही डोंगरातील संकटाची आंतरराष्ट्रीय खूण आहे. ती मिळाल्याचे उत्तर मिनिटाला तीन खुणांनी देतात. नेहमी निर्जन भागात जात असाल तर उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारे छोटे यंत्र घेणे योग्य ठरेल, मात्र त्याच्या भरवशावर टिपण देणे सोडू नका.

तुमच्या पत्रावरून असे जाणवले की टिपण देण्यासारखा माणूस जवळपास नाही, हीच खरी अडचण असावी. तसे असेल तर संकोच बाजूला ठेवून शेजाऱ्याचे दार वाजवा आणि नेमके एवढेच विचारा: ‘मी रविवारी डोंगरात जातो आहे, संध्याकाळी सातपर्यंत माझा निरोप आला नाही तर या क्रमांकावर कळवाल का?’ अशी विनंती नाकारणारे लोक फार थोडे असतात. आणि जो माणूस सात वाजता घड्याळ पाहतो, तो पुढच्या आठवड्यात ‘कसे झाले’ असेही विचारतो. अनोळखी गावातील कितीतरी ओळखी अशाच एखाद्या लहान जबाबदारीतून सुरू होतात.

प्रश्न : माझी मुलगी दूरदेशी एकटी राहते आणि एकटीच डोंगर चढते. तिच्या आनंदाच्या आड मला यायचे नाही, पण ती गेली की मी दिवसभर फोन हातात धरून बसते. ‘सांभाळून जा’ म्हटले तरी ती चिडते. मी काय करावे?

उत्तर : ‘सांभाळून जा’ यात तुमचे सारे प्रेम असले तरी तिच्या कानाला ते ‘मला तुझा भरवसा वाटत नाही’ असे ऐकू येत असावे. त्याऐवजी तिला वाटेविषयी विचारून पाहा. किती चढ आहे, पाणी कोठे मिळते, उतरताना कोणती बाजू अवघड आहे, मागच्या वेळेपेक्षा या वेळी काय वेगळे आहे. हे प्रश्न तिने सगळा विचार केला आहे की नाही हे तुम्हाला आपोआप सांगतील, आणि तिला असे वाटेल की जे आपल्याला इतके प्रिय आहे त्यात आईला रस आहे. शक्य असेल तर ती जाते त्या भागाचा नकाशा समोर ठेवा. आपले माणूस नेमके कोठे असेल हे बोट ठेवून सांगता आले की अज्ञाताची भीती बरीच कमी होते.

तिच्याशी दोन वेळा ठरवून घ्या: ती एरवी कधी निरोप देईल, आणि त्यानंतर किती वेळ गेला तर काळजी करायला हरकत नाही. डोंगरात अनेक ठिकाणी संपर्क नसतो, त्यामुळे दुपारभर उत्तर न येणे ही तेथील अगदी रोजची गोष्ट आहे आणि तिच्यावरून कोणताही निष्कर्ष काढता येत नाही. तिच्या गावातील ज्या व्यक्तीकडे तिचे टिपण असते, त्या व्यक्तीचा क्रमांक तुमच्याकडेही असावा, एवढे मात्र हक्काने मागा. तो क्रमांक तिच्यापाशी नसेल, म्हणजे टिपण कोणाकडेच नसेल, तर तिने चिडले तरी चालेल. त्या एका बाबतीत तुम्ही आग्रह धरलाच पाहिजे.

आणखी एक विचारावेसे वाटते. ती परत आल्यावर तुम्ही काय बोलता? पुष्कळ घरांत ‘पोहोचलीस ना, बरे झाले’ एवढ्यावर बोलणे संपते आणि मुलीने दिवसभरात जे पाहिले ते सांगायचे राहून जाते. त्या संध्याकाळी तिला ऐकणाऱ्या माणसाची सर्वांत जास्त गरज असते. फोन हातात धरून बसण्याचे कष्ट तुम्ही घेताच आहात, त्यातला अर्धा तास तिचे ऐकण्यासाठी ठेवा.

प्रश्न : येथील भटकंती गटाबरोबर मी दोनदा गेलो. त्यांची भाषा मला अडखळत येते आणि चालही माझी कमी पडते. सगळे पुढे निघून जातात, विनोदांवर हसतात आणि मी मागे राहतो. एकटे असताना वाटत नाही इतके एकटे मला तेथे वाटले.

उत्तर : हा अनुभव फार दुखावणारा असतो आणि तो कमी लेखू नये. तरीही दोष तुमच्या भाषेचा कमी आणि गटाच्या निवडीचा अधिक आहे असे मला वाटते. चांगल्या गटात सर्वांत सावकाश चालणाऱ्याच्या गतीने सगळे चालतात आणि शेवटच्या माणसामागे एक अनुभवी माणूस असतो. जो गट मागच्यांना सोडून पुढे जातो, तो संकटातही तसाच वागेल. अशा गटात तुम्ही नसावे हे सुरक्षिततेच्या दृष्टीनेही योग्य आहे. नवा गट निवडताना चढाईचा वेग आधी विचारून घ्या आणि आपला वेग स्पष्ट सांगा.

भाषेसाठी डोंगर ही खरोखर सोयीची जागा आहे. चालताना माणसे समोरासमोर नसतात, शेजारी किंवा मागे-पुढे असतात, त्यामुळे बोलण्यातील लांब विराम अवघडल्यासारखे वाटत नाहीत आणि शब्द शोधायला वेळ मिळतो. सगळ्या गटाशी बोलण्याचा प्रयत्न सोडा आणि एका माणसाबरोबर चाला. दगड, झाड, पक्षी, ढग यांची तेथील नावे त्याला विचारत गेलात तर बोलायला विषय पुरतो. अनेक ठिकाणी स्वयंसेवक पायवाटांची डागडुजी करतात. तेथे दगड उचलायचे असतात, पाट खणायचे असतात, आणि हातांना काम असले की अडखळणारी भाषा कोणाच्या लक्षातही येत नाही. माझा अनुभव असा की सहलीपेक्षा तेथे माणसे लवकर जवळ येतात.

प्रश्न : मी पुढील महिन्यात ३,००० मीटरपेक्षा उंच भागात एकटी जाणार आहे. रात्री तेथे फार उदास आणि बेचैन वाटते असे ऐकले आहे. ते एकटेपणामुळे होते का?

उत्तर : एकटेपण हे एक कारण असू शकते, परंतु उंचावर आधी शरीराकडे पाहावे. साधारण २,५०० मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास सुरू होऊ शकतो. डोकेदुखी, मळमळ, थकवा, तुटक झोप ही त्याची लक्षणे असून ती उदासीपासून वेगळी ओळखणे स्वतःला अवघड जाते. ३,००० मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर विश्रांती घ्यावी. लक्षणे असताना आणखी वर जायचे नाही, वाढली तर खाली उतरायचे. तोल जाणे, बोलण्यात गोंधळ होणे किंवा विश्रांतीतही धाप लागणे ही जिवावरची चिन्हे आहेत आणि तेव्हा रात्र असली तरी मदत घेऊन उतरावे लागते. यातील गोंधळ हे लक्षण ज्याला होते त्याला बहुधा कळत नाही, दुसऱ्यालाच दिसते. त्यामुळे या एका प्रवासात तरी वाटाड्या किंवा सोबती घ्या, असा माझा स्पष्ट सल्ला आहे.

प्रश्न : निवृत्तीनंतर मी मुलाच्या कुटुंबाबरोबर परदेशात राहतो. दिवसभर घरात कोणी नसते. जवळच्या डोंगरावर चालायला जाणे हाच माझा विरंगुळा आहे, पण या वयात एकट्याने जाऊ नका असे मुलाचे म्हणणे आहे. मी सत्तरीला आलो आहे. त्याचे ऐकावे का?

उत्तर : अमेरिकेतील एमा गेटवुड १९५५ मध्ये वयाच्या ६७ व्या वर्षी ३,००० किलोमीटरहून लांब अशी अ‍ॅपलेशियन पायवाट एकट्याने, एकाच मोसमात सलग चालून गेल्या. असे करणाऱ्या त्या पहिल्या महिला होत्या. पुढे त्यांनी ती वाट आणखी दोनदा पूर्ण केली. त्यांना ११ मुले होती आणि पहिल्यांदा निघताना त्यांनी मुलांना एवढेच सांगितले होते की मी फिरायला जाते आहे. तेव्हा वयाचे कारण मला पुरेसे वाटत नाही. आपण मात्र गेटवुडबाईंपेक्षा अधिक सांगून निघावे.

मुलाला वाटणारी भीती आणि आपली गरज यांचा मेळ घालता येईल. आधी डॉक्टरांकडून हृदय, रक्तदाब आणि गुडघे तपासून घ्या. चालताना दोन काठ्या वापरा. उतारावर गुडघ्यांवरील भार त्यांनी कमी होतो, आणि बहुतेक पडणे उतारावर, थकल्यानंतर होते. वाट एकच ठेवा, निघण्याची आणि परतण्याची वेळ ठरलेली असू द्या, आणि ती सुनेच्या आणि मुलाच्या डोळ्यांसमोर लिहून ठेवा. एखाद्या सुट्टीला मुलाला त्या वाटेवर बरोबर न्या. आपण कोठे बसता, कोठून काय दिसते, कोणता टप्पा निसरडा आहे हे त्याने स्वतः पाहिले की त्याचा विरोध बराच मावळेल, आणि बापलेकांना घराबाहेर बोलायला एक सकाळ मिळेल.

ठरलेल्या वेळेचा दुसराही लाभ आहे. रोज त्याच वेळी त्याच वाटेवर तीच माणसे भेटतात. जिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की ज्या दिवशी माणसाचे अशा तोंडओळखीच्या लोकांशी नेहमीपेक्षा अधिक बोलणे होते, त्या दिवशी तो अधिक आनंदी असतो. दिवसभर रिकाम्या घरात राहणाऱ्या माणसासाठी ही गोष्ट लहान नाही. पहिला आठवडा नुसता नमस्कार करा, दुसऱ्या आठवड्यात हवेविषयी बोला, आणि तिसऱ्या आठवड्यात त्यांच्यापैकी एखाद्याला आपल्या मुलाचा क्रमांक देऊन ठेवा.